हरमलच्या चादरी

हरमलला जायचं मीच सुचवलं. नवऱ्याला वाटलं, बायकोला माहेरची ओढ लागली. सासूबाईंना वाटलं, त्यांच्या गुडघ्यांना समुद्राकडची ऊब मानवेल म्हणून सुनेनं मनावर घेतलं. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला काहीच वाटलं नाही, तिनं फक्त बॅगेत तीन गॉगल भरले. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. हरमलला माझ्या मावशीच्या खोल्या आहेत, पर्यटकांना द्यायच्या. त्या खोलीत पाहुणी म्हणून राहायचं, पलंगावर पाय पसरून बसायचं आणि मावशीकडून रोज चादरी धुऊन घ्यायच्या, एवढ्यासाठी मी नागपूरहून निघाले होते.

ऐकायला हलकं वाटेल. पण मी वीस वर्षं हे मनात घोळवत होते.

माझं माहेर डिचोलीच्या पलीकडे, वाळपईच्या वाटेवर. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर मावशीकडे राहा, तिच्या घरापासून हायस्कूल चालत दहा मिनिटांवर आहे, असं ठरलं. आईची ती धाकटी बहीण. मला घ्यायला आली तेव्हा तिनं माझ्यासाठी नवा कंपास आणला होता, हेही लिहायला हवं. आठवीचं वर्ष बरं गेलं. मग मावशीनं घरामागं दोन खोल्या वाढवल्या आणि सीझनला गोरे लोक महिना महिना येऊन राहायला लागले.

समुद्राकाठच्या चादरी धुणं हे वेगळं काम आहे. रेती मशीनमध्ये गेली की मशीन बसतं, म्हणून त्या हातानंच धुवायच्या. आधी दोघींनी धरून झाडायची, मग पहिलं पाणी नुसतं रेतीसाठी, दुसरं साबणाचं, तिसरं साबण काढायला, आणि शेवटी दोन टोकांना दोघींनी उभं राहून पिळायची. एकटीनं पिळता येत नाही. म्हणून मी लागायची. "आज शाळा नको गे बाय, आज खोली बदलायची आसा." आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा. नाताळाच्या सुमारास मी शाळेत गेले की मुली म्हणायच्या, "अगे, पाहुणी आली!"

एकदा बाईंनी वर्गात कारण विचारलं आणि मी खरं सांगून टाकलं. बाई दुसऱ्याच दिवशी घरी आल्या, आत आल्या नाहीत, पायरीवरूनच मावशीला म्हणाल्या, "हजेरी भरली नाही तर मुलीला परीक्षेला बसता येणार नाही. तुमच्या घरच्या कामाला ही मुलगी शाळेनं दिलेली नाही." त्या गेल्यावर मावशी मला एवढंच म्हणाली, "बरां केलंस." त्यानंतर चारपाच दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात आईबाबा मला न्यायला आले. बाबा फाटकाबाहेर उभे राहिले. आईनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि बॅग भरायला लागली. बसमध्ये कुणी बोललं नाही. मला वाटलं, घरी कुणी गेलं असेल. पण वाळपईला उतरून आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "या मुलीला काहीही झालेलं नाही. रक्त कमी आहे, तेवढं बघा." आई तिथंच बाकावर बसून रडली. बाबा रडले नाहीत, हसलेही नाहीत. घरी येताना म्हणाले, "कायच नाही, तर मावशी कशी म्हणेल?"

मावशी काय म्हणाली होती, ते मला आईकडून नंतर कळलं. तेव्हा गावात फोन फक्त पोसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानावर. मावशीनं तिथं फोन केला आणि दुकानदार स्वतः आमच्या अंगणात येऊन सांगून गेला, "तुमच्या चलयेक दीस गेले. येवन व्हरात म्हणता मावशी." चली म्हणजे मुलगी. येऊन घेऊन जा, असा निरोप. आणि पोरीला दिवस गेले म्हणजे काय, ते मराठीत काय आणि आमच्याकडे काय, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फोन आला तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. तेवढी पुरली.

शाळा संपली. डॉक्टरांनी सांगून काय होतं? बाबांनी मला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त माझ्याशी बोलणं सोडलं. जे बोलायचं ते आईमार्फत. मी समोर उभी असले तरी, "तिला विचार, जेवली काय?" त्यांच्या मनातला तो एक प्रश्न कधी मिटला नाही, सख्खी मावशी उगाच कशाला बोलेल? मला मात्र उत्तर ठाऊक होतं. मी बाईंकडे तक्रार केली म्हणून तिनं डाव साधला. असं वीस वर्षं मी धरून चालले.

जवळपासची स्थळं यायची आणि चौकशी करून परतायची. नागपूर लांब होतं, तिथपर्यंत बोलणं पोचलं नाही. सासूबाई विधवा, शिवणाचं दुकान चालवणाऱ्या, मुलगा बसच्या वर्कशॉपमध्ये. बघायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "शिकली किती?" मी म्हटलं, "नववी." "काहून सोडली वं?" मी म्हटलं, "शाळा लांब होती." त्या हसल्या, म्हणाल्या, "आमचं दुकान घरातच हाय," आणि पुन्हा आजतागायत विचारलं नाही. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात त्यांनी मापांची वही माझ्या हातात दिली. गिऱ्हाइकं आली की म्हणायच्या, "इच्याजवळ माप द्या. इचं अक्षर पाहा, छापल्यासारखं." माझ्या अक्षराबद्दल त्याआधी कोणी काही बोललं असेल तर शाळेतल्या त्या बाईच. सासूबाईंचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. म्हणूनच त्यांना ती गोष्ट कधी कळू नये ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती. जन्मदात्या बापाची खात्री पटली नाही, मग परक्या घरच्या बाईची कशी पटणार?

आता तुम्ही म्हणाल, एवढी धास्ती होती तर त्यांनाच घेऊन मावशीच्या दारात कशाला गेलीस? मीही गाडीत रात्रभर, मग दिवसभर हेच म्हणत होते. नवरा म्हणाला, "गॅस बंद केला ना, म्हणून तू चारदा विचारलंस. मीच केला. झोप." पण मावशीला वाकलेली पाहायची, मी खुर्चीत आणि ती धुण्याच्या धोंड्यापाशी, ही हौस धास्तीपेक्षा मोठी झाली होती.

पेडण्याच्या स्टेशनवर उतरून टॅक्सीनं हरमलला पोचलो. मावशी फाटकात उभी. केस पांढरे, हातांची बोटं सांध्यांत सुजलेली. मला वाटलं होतं, चपापेल, नजर चुकवेल. तिनं सरळ माझ्या गालांवर हात फिरवून कानाशी बोटं मोडली. "आयलं गे माझं बाय! बारीक झालंस किती. आणि ही चली? देवा, तुझंच तोंड! या, या विहीणबाई, चाय मांडते." काहीच झालं नाही असं. तेच मला जास्त झोंबलं. निदान ओशाळायचं तरी.

मावशीचा मुलगा आणि सून दोघंही तुयेच्या कारखान्यात, सकाळी सातला जायची ती संध्याकाळी यायची. मावशीचे यजमान जाऊन सात वर्षं झालेली. म्हणजे दिवसभर ती एकटी आणि आम्ही. मी मनात म्हटलं, बरं आहे.

बाकीच्यांची सुट्टी अगदी हवी तशी चालली होती, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी थोडी थंडी असायची, पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन यायचा आणि माझी मुलगी अंथरुणातून तशीच धावायची. उंडे, म्हणजे ते गोल पाव, गरम असतानाच खायचे, हे तिला दुसऱ्या दिवशीच कळलं. मावशी पातळ भाजी करायची, वाटाण्याची, नारळ घातलेली. सासूबाईंनी पहिल्याच सकाळी तीन उंडे खाल्ले आणि म्हणाल्या, "हे पोळ्या लाटाचं झंझटच नाही इकडं. चांगलं हाय बाप्पा." मग नवरा त्यांना खुर्चीसकट समुद्रावर न्यायचा. प्लास्टिकची खुर्ची लाटेच्या तोंडाशी ठेवायची, त्या साडी गुडघ्यापर्यंत घेऊन बसायच्या. लाट आली की पायाखालची रेती जायची आणि खुर्ची बोटभर खचायची.

"अरे, हे खाली चालली रे!"

"आई, उठून दुसरीकडे बस मग."

"काहून? बघू तर किती जाते."

तासाभरात त्या इतक्या खाली जायच्या की नवऱ्याला काखेत हात घालून उपसून काढाव्या लागायच्या. तीन दिवस हा खेळ. बाजूला ऊन खात पडलेल्या गोऱ्या बायका उठून फोटो काढायच्या.

मी त्या वेळी खोलीत असायची. पहिल्या सकाळी चादरीवर चहा सांडला. मावशी आली, म्हणाली, "असू दे गे, असू दे," चादर काढून नेली. मी व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची ओढून बसले, जिथून मागचं अंगण दिसतं. ती वाकली, चहाचा डाग चोळला, उठताना कमरेवर हात ठेवला. मी शेंगदाणे खात होते. शेंगदाणे त्या दिवशी गोड लागले.

पण चहा म्हणजे काहीच नाही, तो दोन पाण्यांत जातो. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? रेतीसुद्धा सुकल्यावर झाडली की जाते. रेती धरून बसते ती तेलाला. चादरीला खोबरेल लागलं आणि वर ओली रेती पडली, की ती विणीत शिरते, चारचार पाण्यांत निघत नाही, हाताला मात्र सोलून काढते. मी शाळकरी असताना गोरे लोक अंगाला तेल चोपडून तसेच पलंगावर पडायचे, तेव्हा माझ्या बोटांची सालं निघायची. दुसऱ्या दिवसापासून मी हातापायांना खोबरेल लावून समुद्रावर एक फेरी मारायची, तशीच येऊन पलंगावर लोळायची. उशीच्या अभ्र्यांवरसुद्धा. मावशीची सुजलेली बोटं त्या चादरीवर चालताना मी पाहिली. मला दया आली नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी जेवायला वाढताना सासूबाईंना म्हणाली, "नागपूरची माणसां तेल जरा जास्तच लायतात, न्हय विहीणबाई?"

सासूबाईंचा घास थांबला. "कोन? मी? माझ्या डोक्याले तीन दिवसांपासून थेंब नाही. बाटलीच सापडून नाही राहिली." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सूनबाई, आपल्या तीन पलंगांपैकी तुझ्याच पलंगावर रोज रेती कशी येते वं?"

"वारा येतो तिकडून," मी म्हटलं.

"खिडकी तर माझ्याकडं हाय."

मी वाटीत आणखी कढी घेतली. दुपारी मावशी आणि सासूबाई व्हरांड्यात लसूण सोलत बसल्या, हळू आवाजात बोलत, मध्येच हसत. मी आत पडल्या पडल्या कान देऊन होते. काय बोलतात? जुनं काही निघालं तर? दोनदा उगीच पाणी प्यायला बाहेर आले. त्या बटाट्याच्या पापडांबद्दल बोलत होत्या. चादरींचा डाव मीच मांडला होता आणि त्या दुपारी घामही मलाच फुटला होता.

चौथ्या सकाळी नवरा मला मावशीच्या मुलाच्या स्कूटरवरून पेडण्याच्या बाजारात घेऊन गेला. मुलगी म्हणाली, मला नाही यायचं, मी आजींबरोबर थांबते. आम्ही दहाच्या सुमारास परतलो. फाटकातूनच मागचं अंगण दिसलं. धोंड्यापाशी मावशी, आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाला माझी मुलगी. फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजलेला, ओठ दाताखाली, दोन्ही मुठींनी पीळ देत होती. अगदी जिथं मी उभी राहायची तिथं.

"बघ गे," मावशी हसून म्हणाली, "तुझी चली कामाची आसा. तुझ्यासारखीच. उद्या लवकर उठून येते म्हणता."

"मम्मी, आधी रेतीचं पाणी वेगळं असतं, माहितीय तुला?" मुलगी म्हणाली.

"सोड," मी म्हटलं.

"थांब ना, एवढी एक पिळू दे."

"सोड म्हणते ना ती चादर!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मुलीनं हात काढले, चादर चिखलात पडली. सासूबाई व्हरांड्यातून उठून पायरीवर आल्या. नवरा स्कूटरला स्टँड लावत तसाच थांबला. आणि मग मी, इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते, माझ्याच तोंडानं, सगळ्यांसमोर बोलले. "माझी शाळा घेतलीस ती पुरली नाही काय मावशी? आता हिचीही सुरुवात? आणि हिलाही काढायची वेळ आली की फोन करशील? पोरीला दिवस गेले म्हणून? चौदा वर्षांची होते मी. दवाखान्यात नेऊन तपासलं मला. काही नव्हतं. तरी बाबा आजपर्यंत माझ्याशी बोलत नाहीत."

बोलून झालं आणि मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही वाचता येईना.

मावशी म्हणाली, "कोण? मी? मी तसां म्हणूकच नाय!"

"दुकानदारानं येऊन सांगितलं."

"दुकानदार बेहरो!" बेहरो म्हणजे बहिरा. ती हात झटकत माझ्यासमोर आली. "मी काय म्हटलां, ऐक. चलयेचे दीस गेले. चे गे, चे! शाळेचे दीस गेले तिचे, हजेरी भरली नाय, परीक्षेक बसूक दीवचे नाय, येवन व्हरात. तुझी बाई दारात येऊन बोलून गेली होती, माका भय पडलां, उद्या ताई विचारील, पोर का बसली नाय परीक्षेक. म्हणून म्हटलां, आधीच घेऊन जा. त्या फोनात नुसता घरघर आवाज. त्यानं चलयेचे म्हटल्याचां चलयेक केलां. माझा काय दोष?"

चलयेचे दीस गेले. चलयेक दीस गेले. मुलीचे आणि मुलीला. मी मनातल्या मनात दोन्ही म्हणून पाहिलं. खरखरणाऱ्या फोनवर खरंच तसं ऐकू येईल. एका अक्षरासाठी मी वीस वर्षं जळत होते. खरं तर हलकं वाटायला हवं होतं. उलट कुणी हातातली वस्तू हिसकावून घ्यावी तसं झालं. तिनं डाव साधलाच नव्हता. मग मी इतके दिवस कुणाच्या बोटांना रेती लावत होते?

तेवढ्यात सासूबाई पायरी उतरल्या. एक हात गुडघ्यावर, सावकाश.

"थांबा विहीणबाई. दुकानदारानं चूक केली. मानलं. पण हे तुमाले कळलं कधी?"

मावशीनं पदर ओढून घेतला.

"आज कळलं का?"

"नाय," मावशी म्हणाली. मग पदरानं हात पुसत राहिली. "आठ दिवसांनी. ताई आली होती, हिची राहिलेली पुस्तकां न्यायला. तिनं सांगितलां, असां असां आयकलां म्हणून."

"मंग तवाच सांगायचं ना, मी असं नाही म्हटलं."

"तोवर दवाखाना झालो होतो. काय नाय म्हणून कळलां होतां. मी म्हटलां, विसरतीत."

"विसरली का ही?"

सासूबाई थांबून राहिल्या. दुकानात गिऱ्हाईक माप चुकलं म्हणून भांडायला आलं की त्या अशाच थांबतात, समोरचा स्वतः बोलेपर्यंत. शेवटी मावशी चिखलातल्या चादरीकडे बघत म्हणाली, "सांगितलां असतां तर ताईन विचारलां असतां ना, शाळेचे दीस गेले ते कोणामुळे."

माझा राग परत आला. आणि या वेळी तो अगदी बरोबर जागी येऊन बसला. फोन करणाऱ्या मावशीवर नव्हे, आठ दिवसांनंतर गप्प राहिलेल्या मावशीवर. ती चूक दुकानदाराची नव्हती.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "शाळा लांब होती म्हणे. वेडी. मला सांगितलं असतं तर मी तवाच येऊन भांडली असती, अंगात ताकद होती तवा." मग तोंड मावशीकडे करून, पण मलाच, "आता काय करायचं ते तू सांग. मी हायच."

इतक्या वर्षांच्या भीतीचं एवढंच झालं. मला रडायला यायला हवं होतं, पण मला वेळ नव्हता.

"बाबांना फोन लाव," मी मावशीला म्हटलं. "आता. माझ्यासमोर. जसं मला सांगितलंस तसं."

"गे बाय, असल्यो गोष्टी फोनवर..."

"फोनवरच गेल्या होत्या."

नवऱ्यानं काही न बोलता स्वतःचा मोबाईल काढला, माझ्या माहेरचा नंबर लावला, स्पीकर चालू करून मावशीच्या हातात दिला. त्याच्याबद्दल मी कमी लिहिते, कारण तो कमी बोलतो. पण हे लिहून ठेवते.

आईनं फोन घेतला. मावशी म्हणाली, "ताई, भावजींक दी." बाबा आता बाहत्तरचे. खाणीवरच्या ट्रकानं कान नेले. बराच वेळ खुडबुड ऐकू आली, मग त्यांचा आवाज, "कोण?"

"मी, भावजी. हरमलसून." मावशी अगदी हळू बोलत होती, देवळात बोलावं तसं. "ता तेन्नाचां... चलयेचां... मी तसां म्हणूक नव्हतां."

"कितें? ऐकू येना."

"म्हटलां, तिका दीस गेले असां मी म्हणूक नव्हतां."

"कोणाक? मोठ्यान सांग!"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी फोनच्या बाजूचं बटण दाबून आवाज पूर्ण वाढवला. मागच्या खोलीतली गोरी बाई कठड्याशी आली. शेजारची दार उघडून उभी. फाटकाशी रोजची मासेवाली येऊन टोपली उतरवत होती.

"तिका दीस गेले नव्हते!" मावशी ओरडली. "शाळेचे! शाळेचे दीस गेले म्हटलां मी! दुकानदारानं उलटां ऐकलां!"

मासेवाली टोपलीवरून वर बघत म्हणाली, "कोणाक दीस गेले गे?"

"कोणाकूच नाय!" मावशी तिच्यावरच खेकसली.

"अगे, मग ओरडतंस कित्याक?"

मला थांबवता आलं असतं. फोन घेऊन आत जाता आलं असतं. मी थांबवलं नाही. माझी गोष्ट दोन गिऱ्हाइकांसमोर गेली होती. ही निदान चार जणींसमोर परत येऊ दे, असं मला वाटलं.

पलीकडून बाबा म्हणाले, "शाळेचे?"

"शाळेचे!"

"म्हणजे तेव्हा कायच नव्हतां?"

"कायच नव्हतां, भावजी!"

"मग माका सांगलंस का नाय इतकी वर्सां?"

मावशीनं फोन छातीशी धरला. मला हळूच म्हणाली, "पुरे गे. चार माणसां ऐकतत."

"त्यांनी विचारलंय," मी म्हटलं. "सांग."

तिनं डोळे मिटले आणि ओरडून सांगितलं. सीझन होता, चादरी धुवायला कोण नव्हतां, पोरीक घरी ठेवत होते, ते कळलां असतां म्हणून नाय सांगितलां. मध्ये दोनदा बाबांनी "कितें?" केलं आणि तिला "चादरी" हा शब्द तीनदा ओरडावा लागला. शेजारचीनं तोंडावर पदर घेतला. माझी मुलगी माझ्या कमरेला चिकटून उभी होती. ती एक शब्दही सोडत नव्हती.

मग बाबांचा आवाज आला, बारीक झालेला, "चली थंयच आसा मगो? तिका दी फोन."

मावशीनं लगेच फोन पुढं केला. तिला सुटका हवी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. वीस वर्षांत बाबांनी मला फोनवर बोलावलं नव्हतं. लग्नाच्या वेळीसुद्धा आईला म्हणाले होते, तिला सांग, सांभाळून राहा. हा क्षण मी किती वेळा रंगवला होता. आणि तो आल्यावर माझ्या मनात आलं, मावशी गप्प राहिली, बरोबर. दुकानदार चुकला, तेही बरोबर. पण दवाखान्याच्या बाकावर डॉक्टरीणबाईंचं बोलणं दोघांनी ऐकलं होतं. आईनं मानलं. बाबांना कोणी अडवलं होतं? त्यांना मावशीचा फोन खरा वाटला आणि समोर उभी असलेली मी खोटी वाटले. त्यात एका अक्षराचा काय दोष?

मी हात मागे घेतला.

"सांग, ती समुद्रावर गेलीय."

"गे, समोर उभी आसंस आणि..." मावशी कुजबुजली. "म्हातारो माणूस तो."

"सांगा ना विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "आन् मोठ्यानं सांगा. त्यांले ऐकू नाही येत."

मावशीनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फोन तोंडाशी धरून ओरडली, "ती दर्यार गेल्या, भावजी!"

"केन्ना येतली?"

मावशीनं मला डोळ्यांनीच विचारलं, कधी येणार? मी मुलीचा ओला हात धरला, पायरीवरच्या चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडून वाळूच्या वाटेला लागले. निदान या वेळी तरी बाबांना मिळालेला निरोप खरा होता.